खिळ्यावरची ताटली

आमच्या मासळी बाजारात मी गेली दहा वर्षं मागच्या दाराने शिरते. पुढच्या दाराजवळ रुक्मिणी बसते, आणि तिच्या टोपलीसमोरून मान वर करून जायचं धाडस मला कधी झालं नाही. तीही कधी हाक मारत नसे. दीड महिन्यापूर्वी एका सकाळी मात्र मी मागच्या बाजूला बांगडे निवडत होते, आणि समोर रुक्मिणी येऊन उभी राहिली. टोपलीवर गोणपाट टाकून, हात न धुताच आली होती. म्हणाली, “बाई, शालन गेली. आत्ताच फोन इलो. सकाळी चाय करूक उठली, आणि थंयच बसली...” दहा वर्षांत ती माझ्याशी बोललेली ही पहिली वाक्यं. मी पिशवी तिथेच ठेवली. रुक्मिणीच म्हणाली, “रिक्षा भायर उभी आसा. चला.” आणि आम्ही दोघी एका रिक्षात बसून, एकमेकींकडे न बघता, समुद्राच्या कडेने वाडीवर गेलो.

शालन हे तिचं माहेरचं नाव. लग्नानंतर नाव बदललं, दप्तरी ती वेगळ्याच नावाने होती, पण माझ्या तोंडी शालनच राहिली. आम्ही एका वाडीत वाढलो, एकाच पाटावर बसून शिकलो. मी पुढे बीएड करून हायस्कुलात शिक्षिका झाले आणि तालुक्याच्या गावी राहायला गेले. ती वाडीतच दिली गेली आणि अंगणवाडीची सेविका झाली. तीस-पस्तीस वर्षं तिने वाडीतली पोरं वजनकाट्यावर टांगली, त्यांना उसळ खायला घातली, नाकं पुसली. या लेखात बाकी सगळ्यांची नावं मी बदलली आहेत, गावाचं नाव लिहिलेलं नाही. यात एका मुलीची गोष्ट आहे, आणि अशा मुलीची ओळख छापायला कायद्याने मनाई आहे. हे वाचून शालन नक्की म्हणाली असती, “अजून कायदोच पाळतंस गो तू?” होय, पाळते. तो कायदा मला आजही मान्य आहे, आणि माझी अडचण नेमकी तीच आहे.

कारण आमचं आयुष्यभराचं भांडण याच गोष्टीवरून होतं. कुणाच्या घरात सरकारने किती शिरावं? माझं म्हणणं, दाराच्या आत मूल सुरक्षित आहे की नाही ते बघायला बाहेरचं कुणीतरी हवंच. आईबाप झाले म्हणून मूल त्यांच्या मालकीचं होत नाही. तिचं म्हणणं, बाहेरच्याला आतलं कळत नाही. “सरकाराक बघूक येता,” ती म्हणायची, “उचलून काखेत घेवूक येणा नाय.” मी तिला चिडवायचे की बाई, तू स्वतःच सरकार आहेस, तुझा वजनकाटासुद्धा सरकारी. त्यावर ती म्हणे, “काटो सरकारी. मी नाय.” दर रविवारी दुपारी ती एसटीने माझ्याकडे यायची, सोबत कोकमाची सोलं नाहीतर घरचे आंबाडे असायचे, आणि चहा उकळेपर्यंत आमची जुंपलेली असायची. निवडणुकीला उभं राहायचं तर दोनच मुलं, हे बरोबर की चूक. शाळेत न येणाऱ्या मुलीच्या बापाला नोटीस द्यावी की त्याच्या घरी जाऊन बसावं. माझे यजमान वर्तमानपत्र तोंडासमोर धरून आत जायचे. आम्हाला पंच नको होता, भांडायला एकमेकी पुरेशा होत्या.

एक गोष्ट मात्र आमच्यात थट्टेची नव्हती. फार पूर्वी माझ्या वर्गात एक मुलगी होती, तिच्या दंडावर वळ दिसायचे. मी तिच्या घरी जाणार होते, पोलिसांत जाईन म्हणत होते. ती शालनच्या शेजारची. शालन म्हणाली, “तू मधी पडा नको. मी बोलतंय तिच्या आवशीकडे.” ती बोलली, मनापासून बोलली. आई रडली, बापाने कान धरले. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती मुलगी शाळेत आलीच नाही. गोव्यात कुणाच्या घरी कामाला ठेवली, म्हणाले. मग तिथूनही ती गेली, आणि कुठे गेली ते आजतागायत कुणाला माहीत नाही. शालनला ते लागलं होतं, पण मी ते तिला विसरू दिलं नाही. कुठलाही वाद हरायला लागले की मी त्या मुलीचं नाव काढायचे, आणि शालन गप्प व्हायची. मैत्रिणीला असं गप्प करणं बरं नव्हे, एवढं मला तेव्हा कळायला हवं होतं.

निवृत्तीनंतर जिल्ह्याच्या बालकल्याण समितीवर माझी नेमणूक झाली. घरातून निघालेली, टाकलेली, मारहाण सोसलेली मुलं या समितीपुढे येतात आणि त्यांचं काय करायचं ते समिती ठरवते. मी अभिमानाने कायद्याचं पुस्तक आणून कलमं पाठ केली. शालनने पेढे आणले. म्हणाली, “आता तू खरी सरकार झालंस. माका भिया वाटता.” आम्ही दोघी खूप हसलो.

रुक्मिणीला मूल नव्हतं. नवरा ट्रॉलरवर, ती मासे विकायची, आणि घरात दोघंच. तिची धाकटी बहीण दोडामार्गाकडे दिलेली, तिला पाठोपाठ दोन मुली होत्या. तिसरी झाली तेव्हा बारशालाच तिने ती रुक्मिणीच्या ओटीत घातली. आमच्याकडे हे नवं नाही. पदर पसरायचा, देवाला गाऱ्हाणं घालायचं, चार माणसांसमोर मूल ओटीत ठेवायचं, की झालं... ती त्या घरची. कागद कुणी करत नाही. बहिणीबहिणींत कागद करणं म्हणजे अपमान. रुक्मिणीने जत्रेत बसणाऱ्या नाव घालणाऱ्याकडून एक स्टीलची ताटली नाव घालून आणली. वर मुलीचं नाव, खाली ‘बारशानिमित्त, आईकडून’. त्या मुलीला आपण दर्शना म्हणू.

दर्शना तीन वर्षांची झाली तशी अंगणवाडीत आली, ती ताटली घेऊनच. मुलं आपापली ताटली घरून आणायची, शालन त्या धुऊन भिंतीवरच्या खिळ्यांना टांगायची, प्रत्येकाचा खिळा ठरलेला. आणि नाव दाखल करताना, नोंदवहीत जिथे आईचं नाव लिहायचं तिथे शालनने लिहिलं, रुक्मिणी. तिला त्यात खोटं काहीच वाटलं नाही. जन्माचा दाखला तिने पाहिलाही असेल, पण दाखल्यावरची बाई वर्षातून दोनदा यायची आणि ही रोज पहाटे लिलावाला जाण्याआधी मुलीची वेणी घालून द्यायची. आमच्या वाडीत कुणालाही विचारलं असतं तर त्याने हेच नाव सांगितलं असतं. पुढे आधार जोडणीचं काम निघालं. दाखल्यावर एक आई, नोंदवहीत दुसरी. तपासणीत ते उघडं पडलं, वर कळवलं गेलं, आणि कुणीतरी शेऱ्यात लिहिलं की मूल विकलं गेल्याचा संशय आहे. प्रकरण आमच्या टेबलावर आलं. मुलगी तेव्हा साडेपाच वर्षांची होती.

त्या दिवसाचं मला सगळं आठवतं, आणि आठवू नये असं फार वाटतं. कार्यालयाच्या व्हरांड्यात रुक्मिणी आणि तिची बहीण शेजारी शेजारी बसलेल्या, मध्ये दर्शना, पायात नवीन सँडल. मी अध्यक्षांना सांगितलं की ही माणसं माझ्या ओळखीची आहेत. ते म्हणाले, “मग तर बरंच आहे, तुम्हालाच जास्त माहिती असेल.” माहिती होतीच. बारशाला मी स्वतः होते. पण माझ्या डोक्यात दोनच गोष्टी घुमत होत्या. एक, उद्या लोक म्हणतील, बाईंनी आपल्या वाडीचं म्हणून सोडलं. दुसरी, ती वळांची मुलगी. मागे शालनचं ऐकून मी गप्प बसले होते, आता नाही बसणार.

सेविका म्हणून शालनला बोलावलं. ती इस्त्रीची साडी नेसून आली होती, हातात पिशवी. टेबलासमोर उभी राहून पुस्तकी मराठीत बोलायला लागली, एरवी ती कधी तसं बोलत नसे. “सर, ही मुलगी विकलेली नाही. ओटीत घातलेली आहे. हा पुरावा आहे,” आणि पिशवीतून ताटली काढून टेबलावर ठेवली. कुणीतरी हसलं. मग तिने माझ्याकडे बघितलं आणि तिच्या तोंडून आपली भाषा निघाली, “विमल, तू सांग गो. तुका सगळां म्हायत आसा.”

मी म्हणाले, “तुम्ही समितीशी बोला. ही ताटली पुरावा होऊ शकत नाही.”

तिला मी ‘तुम्ही’ म्हणाले. जिच्याबरोबर कैऱ्या चोरल्या तिला. शालनने ताटली उचलली, पदराने पुसली, पिशवीत ठेवली आणि बाहेर गेली.

आता जे सांगायचं ते दहा वर्षांत मी कुणाला सांगितलेलं नाही. चौकशी पुरी होईपर्यंत मूल जिथे आहे तिथेच, योग्य व्यक्ती म्हणून त्याच माणसाच्या ताब्यात ठेवायची सोय कायद्यात आहे. ते कलम मला पाठ होतं. मी तोंड उघडलं असतं तर अध्यक्षांनी ते मान्य केलं असतं, असं आजही वाटतं. कायदा दुष्ट नव्हता. कायद्याने दार ठेवलं होतं, त्याची कडी माझ्या हाताजवळ होती, आणि मी हात मांडीवर ठेवून बसले. मुलीला बालगृहात ठेवण्याच्या आदेशावर चौथी सही माझी आहे. बालगृह दुसऱ्या जिल्ह्यात. तात्पुरतं, एक महिनाभर, असं आम्ही म्हणालो. मुलीला गाडीत बसवताना ती रडली नाही. रुक्मिणीही रडली नाही. ती फक्त विचारत होती की हिला मासळीशिवाय भात जात नाही, तिथे देतील ना.

महिन्याचे सात महिने झाले. चौकशी करणाऱ्याची बदली झाली, नवीन माणूस यायला वेळ लागला, बहिणीचा जबाब एकदा हरवला आणि पुन्हा घ्यावा लागला. कुणी वाईट वागलं नाही. प्रत्येक जण आपल्या जागी नियमाने वागत होता, मीसुद्धा. त्या काळात एकदा मी बालहक्कांवर बोलायला म्हणून वाडीच्या अंगणवाडीत गेले होते. मुलांची जेवणं होऊन गेली होती, खिळ्यांना ताटल्या टांगलेल्या, त्यांतून पाणी ठिबकत होतं. दर्शनाच्या खिळ्यावरही ताटली होती. तीही ओली होती. मुलगी गेल्यापासून शालन ती रोज बाकीच्यांबरोबर उतरवून घासत होती... मी भाषण आवरतं घेतलं.

खोटी नोंद केली म्हणून शालनकडून खुलासा मागितला होता. तिचं उत्तर मी फाइलमध्ये वाचलं. एकच ओळ होती: ‘आईचे नाव विचारले म्हणून आईचे नाव लिहिले.’ तिला ताकीद मिळाली. पुढे आदर्श सेविका म्हणून तिचं नाव दोनदा गेलं आणि त्या ताकिदीमुळे दोनदा परत आलं. ती त्याबद्दल काही बोलली नाही, तिच्या सुनेकडून मला कळलं.

चौकशीत विक्रीचं काहीच निघालं नाही. निघणारही नव्हतं. कागद झाले, दत्तकाची रीतसर प्रक्रिया झाली, दर्शना परत आली. त्या आदेशावरही माझी सही आहे. पण आली ती दुसरीच मुलगी होती. उठल्यावर पांघरुणाची चौकोनी घडी घालून पायथ्याशी ठेवायची आणि तिथेच उभी राहायची. परसाकडे जायचं तर हात वर करायची. आणि जेवायच्या वेळी जेवण समोर तयार असलं तरी खाली बसायची नाही. ताटली छातीशी धरून विचारायची, “जेवू मी?” कुणीतरी जेव म्हटल्याशिवाय घास घ्यायची नाही. रुक्मिणीला ते सहन होत नसे. आपल्याच पोरीने आपल्याच घरात परवानगी मागायची. ती उठून मागच्या दारी जायची. मग शालनने सुरू केलं. अंगणवाडी सुटली की ती दुपारी रुक्मिणीच्या ओसरीवर जाऊन बसायची, आणि आतून “जेवू मी?” आलं की तिथूनच ओरडायची, “ह्यां काय विचारणां? बस!” रोज. पुढे वर्षानुवर्षं. वाडीत लग्नं झाली, भंडारे झाले, कुठेही पंगत बसली की गर्दीतून तो प्रश्न यायचा आणि कुठूनतरी शालनचा आवाज. लोक हसायचे. मुलगी मोठी झाली, तीही हसायची, पण विचारायचं थांबली नाही.

शालनने माझ्याशी अबोला धरला असता तर मी सुटले असते. ती दर रविवारी येत राहिली. सोलं आणायची, चहा घ्यायची, माझ्या गुडघ्यांची चौकशी करायची. फक्त भांडायची थांबली. मी वर्तमानपत्रातलं काहीबाही काढून तिला डिवचायचे. मुलांच्या मोबाइलवर सरकारने बंदी घालावी का गं? म्हाताऱ्या आईबापांना न सांभाळणाऱ्यांना शिक्षा करावी का? ती बशीत चहा ओतत म्हणायची, “घालूदे. करूदे. तू म्हणतंस तां बरोबरच आसतला.” किती वेळा मी मुद्दाम चुकीचं बोलले, अगदी तिच्या तोंडचं वाक्य तिला फेकून बघितलं. “होय गो,” ती म्हणायची. “तुझां खरां.” दहा वर्षं ती माझ्याशी सहमत राहिली. याहून मोठी शिक्षा मला कुठल्या समितीने दिली नसती. माझं चुकलं गो शालन, एवढं बोलायला पाचशेच्या वर रविवार होते माझ्याकडे. जिभेवर यायचं, मग एसटीची वेळ व्हायची.

बाराव्याला मी गेले. घर माणसांनी भरलं होतं. वाढायला दर्शना होती. आता दहावीला आहे, उंच झालीय, वेणी अजून रुक्मिणीच घालून देते. माझ्या पानात वडे वाढता वाढता ती खाली वाकून हळूच म्हणाली, “बाई, काकी नेहमी सांगायची. तुमी सही केलात म्हणान मी घराक परत इलंय.”

शालनने तिला हे सांगितलं होतं. खोटं नव्हतं, सही होतीच. दोन सह्यांपैकी दुसरी तेवढी तिने मुलीच्या हातात दिली, आणि पहिली आपल्याबरोबर घेऊन गेली. मला वाटलं, आत्ता सांगावं. पण बायका पुढे सरकत होत्या, दर्शना पुढच्या पानाकडे गेली होती.

सगळ्यात शेवटी वाढणाऱ्या मुली बसल्या. दर्शना स्वयंपाकघराच्या दारात उभी, हातात तीच ताटली, कडेला थोडी चेपलेली. सवयीने तिच्या तोंडून गेलं, “जेवू मी?”

ओसरीवरून उत्तर यायचं होतं आणि ओसरीवर कुणी नव्हतं. दर्शनालाही ते कळलं, तिचा चेहरा उतरला. सून पदर तोंडाला लावून आत वळली. भिंतीला टेकून बसलेली रुक्मिणी तेवढ्यात माझ्याकडे बघून म्हणाली, “बाई, तुमी सांगा.”

आवाजात राग नव्हता. पण हे वाक्य मी एकदा ऐकलेलं होतं, टेबलाच्या पलीकडून, आणि तेव्हा मी काय उत्तर दिलं ते मला आणि तेव्हा व्हरांड्यात बसून ऐकणाऱ्या रुक्मिणीलाही माहीत होतं. या वेळी मी बोलले. “ह्यां काय विचारणां, बाय? बस.” शालनसारखं नाही जमलं. ती ओरडायची, माझं पुटपुटणं झालं. पण दर्शना बसली आणि तिने भात कालवला.

तिला खरं सांगायचं त्या दिवशीही राहिलंच. जेवत्या मुलीला काय सांगणार? रुक्मिणीला वाचता येत नाही, म्हणून रविवारी दर्शना तिला वर्तमानपत्राची ही पुरवणी मोठ्याने वाचून दाखवते, असं सुनेने सांगितलं. म्हणजे हा लेखही ती वाचेल. दर्शना, तुला घरी आणणारी सही माझी होती, तशी घरातून नेणारीही माझीच होती, आणि तुझ्या काकीने ते तुझ्यापासून लपवलं ते माझ्यासाठी. वाचून झालं की माझ्याकडे ये. काय हवं ते विचार, मी सगळ्याची उत्तरं देईन. फक्त जेवू का, हे कुणाला विचारू नकोस.